शेंदराचं कवच

रामाजींकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखामुळे. १९१९ साल असावं. इतवारीच्या सराफा ओळीत मी बायकोचं जोडवं सांधून आणायला गेलो होतो. दुकानाचा मालक आत गादीवर होता. बाहेर ओट्याच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या सावलीला, एक किरकोळ बांध्याचा माणूस मांडी घालून बसला होता. त्याच्या चष्म्याची एक काडी गेली होती आणि तिच्या जागी सुताचा दोरा कानाला गुंडाळला होता. तळहातावर चांदीचा टाक होता, म्हणजे देवघरात पुजतात तो देवाचं रूप ठोकून उठवलेला लहानसा पत्रा. त्याच्या अंगठ्याचं नख जवाच्या दाण्याएवढं पुढे आलं होतं. त्या नखाने तो खंडोबाच्या घोड्याच्या पायांत साचलेला मळ काढत होता.

शेजारी चिमटे, कानस, छिन्नी सगळं पडलेलं होतं. मी विचारलं, हत्यार का घेत नाही?

वर न पाहता तो म्हणाला, "देवाले लोखंड लावत नाही, मास्तर."

मी मास्तर हे कसं कळलं, असं विचारल्यावर त्याने नुसती माझ्या बोटांकडे मान केली. बोटांना खडू होता.

हे रामाजी खरवडे. सोनार असूनही त्यांनी उभ्या आयुष्यात दागिने फार घडवले नाहीत. त्यांचं काम देव उजळण्याचं. आमच्याकडे लग्नकार्याच्या आधी घरचे देव सोनाराकडे उजळायला देतात. ते घरी परत येऊन पाटावर बसले की मगच हळद. ताम्हनात नवं वस्त्र घालून, वर दुसरं वस्त्र झाकून माणसं देव घेऊन येत आणि रामाजींच्या ओट्यावर ठेवून जात. या व्यवहाराची एक रीत होती. देवाला तराजूत घालायचं नाही. किती आहेत, कसे आहेत, हे बोलायचं नाही. देणारा मोजून देत नसे, घेणारा मोजून घेत नसे. सराफा ओळीत गुंजेगुंजेवरून हमरीतुमरी चाले आणि या एका कोपऱ्यात कुणी काही तोलत नसे. मला त्याचं फार कौतुक वाटे. ते कौतुक किती भोळं होतं हे मला पुढे कळलं.

त्यांची साधनं म्हणजे रिठ्याचं पाणी, गोवरीची वस्त्रगाळ राख, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि बाभळीचे काटे. काटे त्यांच्या पत्नी यमुताई निवडून आणत. ते मातीच्या ओल्या गोळ्यात टोचून ठेवलेले असत. मोठ्या मळाला नख, बारीक मळाला काटा. चिंच ते वापरत नसत. "चिंच घाईची," असं म्हणत. पुढे शाळेतून घरी जाताना त्या ओट्यावर घटकाभर टेकायची मला सवय लागली. रामाजी बोलत थोडं. ऐकत मात्र सगळं, आणि तीन दिवसांनी एखादा प्रश्न विचारीत, त्यावरून कळे.

१९३१ च्या फाल्गुनात, एका सोमवारी मधल्या सुटीत ते शाळेत आले. बारा वर्षांत ते कधी शाळेत आले नव्हते. कडुलिंबाखाली टोपी हातात घेऊन उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "मास्तर, इंग्रजी वाचून पाहिजे."

हळूहळू कळलं ते असं. तांडापेठेतले मारोतराव धकाते हे कोष्टी, घरात चार माग. त्यांच्या मुलाचं लग्न निघालं होतं. मारोतरावांनी मागच्या मंगळवारी घरचे देव रामाजींकडे आणले. पाच चांदीचे टाक, आणि सहावी देवी. ही देवी म्हणजे शेंदराचा एक गोळा, अर्ध्या सुपारीएवढा. दर दसऱ्याला तिला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. थरावर थर चढून आत काय आहे ते घरातल्याही कुणी पाहिलेलं नव्हतं. अशा देवीला सोनाराने फक्त तेलाचा हात लावायचा असतो. पण मारोतराव घाईत होते, त्यांना निमंत्रणाला जायचं होतं. "सगळे उजळून द्या," एवढं म्हणून ते गेले. रामाजींनी सहाही देव कोमट रिठ्याच्या पाण्यात ठेवले. बुधवारी सकाळी पाहतात तो शेंदराचं कवच सुटून अख्खं बाजूला पडलेलं, आणि आतून एक काळं नाणं निघालेलं. पावलीएवढं, पण पावलीपेक्षा जाड. रामाजींनी ते उजळलं. रविवारी देव धकात्यांच्या घरी गेले. वस्त्र काढलं, तर देवीच्या जागी एका पुरुषाचं तोंड.

"ते म्हणतात देव बदलला," रामाजी म्हणाले. "शुक्रवारपर्यंत आमची देवी आणून द्या, नाही तर शनिवारी सराफ्याचे पंच बसवतो, मंग कोतवाली."

पंच बसले असते तर काय झालं असतं हे मला सांगावं लागलं नाही. ज्याने घरचा देव बदलला असं एकदा म्हटलं गेलं, त्याच्या ओट्यावर पुन्हा कुणी ताम्हन ठेवणार नव्हतं. आणि रामाजींना दुसरं काही येत नव्हतं. धकात्यांचंही दुःख खोटं नव्हतं. देवी पाटावर बसल्याशिवाय त्यांच्या घरी हळद लागणार नव्हती, आणि हळद शनिवारची होती.

मी म्हटलं, पण तुम्ही तर बदलला नाही ना? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते.

"त्याच आठवड्यात उमरेडच्या एका घरचे देव होते माझ्याकडे. ते शनिवारी घेऊन गेले. त्यांच्यात शेंदराचा देव होता का, मले आठवून नाही राहिलं. रात्रंदिवस आठवून पाहतो. माझ्याच हातावर भरोसा नाही राहिला, मास्तर."

म्हणजे भीती दोन होत्या. एक लोकांची, दुसरी स्वतःची. आणि कुणी मोजून दिलं नव्हतं, मोजून घेतलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर आम्ही तांडापेठेत गेलो. धकात्यांच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते, पण उभे केलेले नव्हते. आतून एकाच मागाचा आवाज येत होता. दाराशी मारोतरावांची आई रंभाबाई रहाटावर कांड्या भरत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या असतील, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, सूत बोटांनीच ओळखत. मारोतरावांनी तांदळाने भरलेली एक वाटी आणली. नाणं त्यात ठेवलं होतं. देवघरातही नाही आणि घराबाहेरही नाही, अशी त्याची सोय केली होती.

मी ते दाराच्या उजेडात धरलं. झिजलेलं होतं, तरी तोंड स्पष्ट होतं. सरळ नाक, उघडी मान, केसांवर पानांचा वेढा, मागे त्याच्या फितीची टोकं. काठाने अक्षरं होती. बरीचशी गेलेली, पण एका बाजूला T आणि I दिसत होते, दुसरीकडे A, V, G. आणि मी, वर्गात सवय असते तसं, मोठ्याने बोलून गेलो, की अक्षरं तर इंग्रजी दिसतात.

"ऐकलं?" मारोतराव आईकडे वळून म्हणाले. "मास्तरच सांगून राहिले. आपली देवी घेतली आन् कामठीच्या गोऱ्या सोल्जरचं बटन आणून ठेवलं. काहून केलं गा असं, सोनारा?"

रविवारपर्यंत ते त्यांना रामाजीभाऊ म्हणत होते. रामाजींनी मान खाली घातली. त्यांचं नख दुसऱ्या हाताच्या बोटांवर उगाच फिरत होतं. त्यांना वाचवायला आलेला मी, एका वाक्यात त्यांना आणखी खाली ढकलून मोकळा झालो होतो.

मी नाण्यावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. तोंडाचा ठसा आला, अक्षरांचाही थोडा. मागची बाजू देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या तबकावर घासून घासून सपाट झाली होती. तिच्या कागदावर फार तर खुर्चीवर कुणी बसल्यासारखा आकार उमटला. मारोतराव उभे राहून सगळं पाहत होते, मी कागदात काही गुंडाळून तर नेत नाही ना म्हणून. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून मी अजब बंगल्यात, म्हणजे सरकारी संग्रहालयात गेलो. तिथे नाण्यांची नोंद ठेवणारे एक वयस्कर कारकून होते. मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांनी कागद हातात घेतला, भिंग काढलं आणि मला बाकावर बसवून तासभर विसरून गेले. मग एक जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि त्यातल्या एका चित्राशेजारी माझा कागद ठेवला. तेच नाक, तीच मान, तीच फितीची टोकं.

हे इंग्रजी नव्हे, त्यांनी मला समजावलं. इंग्रजांनी ज्यांची अक्षरं उचलली त्या रोमी लोकांचं हे नाणं. तिबेरियस नावाचा त्यांचा बादशहा. एकोणीसशे वर्षं झाली. गेलेली अक्षरं उरलेल्यांवरून कशी भरायची, हेही त्यांनी दाखवलं. वाळवी लागलेल्या पोथीतली ओळ जशी लावतात तशी. मागच्या बाजूला आसनावर बसलेली बाई असते, म्हणाले, एका हातात लांब काठी आणि दुसऱ्या हातात झाडाची डहाळी. असली नाणी गलबतांतून यायची आणि त्यांच्या बदल्यात आपल्याकडची मिरी, मोती आणि तलम कापड जायचं. मग त्यांनी भिंग पुसलं आणि अदबीने विचारलं, की नाणं कुठे आहे, आणि ते काचेच्या कपाटात शोभून दिसणार नाही का. मी म्हटलं, मालकांना विचारतो.

मला वाटलं, गड सर झाला. बुधवारी संध्याकाळी रामाजींच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. यमुताई चुलीपाशी होत्या, त्यांचाही हात थांबला. रामाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे ते जुनं आहे," ते म्हणाले. "बटन नाही. पण ते धकात्याच्याच घरचं आहे, हे कुठं ठरलं?"

जो माणूस रोज काट्याच्या टोकाने काम करतो त्याला असलं भगदाड लगेच दिसतं. उलट आता सरकारी बंगल्यातला माणूस त्याची किंमत सांगत होता, म्हणजे ओट्यावर बसलेल्या सोनाराकडे असली वस्तू आली कुठून, हा नवा प्रश्न मी तयार करून आणला होता.

रामाजी माझ्याजवळ सरकले. यमुताईंना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली घेतला होता. "मास्तर, एक सांगतो. कवच सुटलं तवाच मले कळलं होतं का हे आपलं काम नाही. तेल लावून, फडक्यात बांधून, तसंच धकात्याले बोलावून दाखवाले पाहिजे होतं. पण त्या काळ्यातून एक डोळा दिसला. मंग नाक निघालं. काटा खाली ठेवावा वाटे ना. तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. कोणाचा देव आहे, हेही डोक्यात नव्हतं. थांबाले पाहिजे होतं."

त्यांनी मातीच्या गोळ्यातले काटे एकेक करून काढले आणि चुलीत टाकले. यमुताई ते पाहत होत्या.

गुरुवारी शाळा सुटल्यावर इतवारीतून घरी चाललो होतो. होळी आठवड्यावर आली होती. हलवायाच्या दुकानापुढे साखरेच्या गाठ्या पाडण्याचं काम चाललं होतं. लाकडी साचा पालथा आपटला की गाठी फडक्यावर पडत, आणि रिकाम्या साच्यात त्याच फुलाची खोलगट नक्षी दिसे. मी तिथे उभा राहिलो. हलवाई म्हणाला, पाहिजेत का, मास्तर? मी तसाच रामाजींच्या घराकडे वळलो. साठीला आलेल्या माणसाने रस्त्यातून धावू नये, म्हणून धावलो नाही, एवढंच.

शेंदराचं कवच नाण्यावरून अख्खं सुटलं होतं. म्हणजे त्याच्या पोटात ते तोंड उमटलेलं असणार. आणि कवच धकात्यांचं होतं, त्यावर कुणी वाद घालील असं मला तेव्हा वाटलं नाही.

मी दारातूनच विचारलं, कवच कुठे आहे? रामाजी उठून उभे राहिले, त्यांना क्षणात कळलं, आणि तसेच खाली बसले.

"ते गेलं, मास्तर." देवाच्या अंगावरचा शेंदूर कुणाच्या पायाखाली येऊ नये, तो वाहत्या पाण्यात सोडावा, अशी रीत. त्यांनी मागच्या बुधवारीच तो पळसाच्या पानात बांधून यमुताईंकडे दिला होता. त्या नाग नदीवर जाऊन आल्या होत्या. गेला का म्हणून विचारलं होतं, त्यांनी हो म्हटलं होतं.

यमुताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराचं टोक मुठीत धरलेलं. त्या आत गेल्या. फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला, आणि त्या लोणच्याची रिकामी बरणी घेऊन बाहेर आल्या. बरणी त्यांनी माझ्यापुढे ठेवली, नवऱ्यापुढे नाही.

"नदीत धार होती बोटाएवढी," त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या. "रंगाऱ्याचं लाल-निळं पाणी, आन् त्यात म्हशी. देवीच्या अंगावरचं तिथं कसं टाकू? म्हटलं पुनवेले कन्हानले जाईन तवा सोडीन. ह्यायले हो म्हणून सांगून टाकलं. तेच भोवलं. देवी माझ्या खोट्यावर कोपली आन् भोगून राहिले हे."

चार दिवस ती बाई एका वेगळ्याच भीतीने जगत होती, आणि एका चुलीपाशी जेवणाऱ्या दोघांना एकमेकांची भीती ठाऊक नव्हती. रामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. पण ते म्हणाले, "पाणी आण वं थोडं. हात धुतो."

पळसाचं पान वाळून कडक झालं होतं. आत कवच तडकून त्याचे तीन तुकडे झाले होते. बाहेरून केशरी, खडबडीत, जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखे. रामाजींनी ते मलाच धरायला सांगितले. तुकडे एकमेकांना जुळवून मी दिव्याजवळ धरले. आतली बाजू काळसर, गुळगुळीत होती. तिच्यात तो बादशहा होता. नाण्यावर ज्या दिशेला पाहत होता त्याच्या उलट दिशेला पाहणारा, पानांच्या वेढ्यासकट.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं तांडापेठेत गेलो. यमुताई येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण बरणी त्यांनीच धरली होती. मारोतराव अंगणातच आडवे आले. त्यांनी सांगितलं, की देवी आणली असेल तर आत या, नसेल तर उद्या सराफ्यात भेटू. मी कवचाचं बोलू लागलो, तर ते ऐकायला तयार नव्हते. शेंदूर काय, कुठूनही खरवडून आणता येतो.

"आण इकडं," रंभाबाई रहाटावरून म्हणाल्या. "तू पाहून काय करशीन? जलमात कधी हात लावला का तिले? मी लावला."

रामाजींनी तुकडे जुळवून त्यांच्या ओंजळीत ठेवले. म्हातारीने ते आधी नुसते तोलले. मग उजव्या हाताचा अंगठा कवचावर फिरवू लागली. वरच्या बाजूला एका ठिकाणी उथळ खळगा होता. मी तो आदल्या दिवशी पाहिला होता, पण मला तो शेंदराचा खडबडीतपणाच वाटला होता. तिचा अंगठा त्या खळग्यापाशी आला आणि तिथे बसला. जरा हलवून तिने तो पुन्हा बसवला.

"हा माहा अंगठा आहे," रंभाबाई म्हणाल्या. "सासूच्या मागं चाळीस वर्षं रोज कुंकू लावलं इथंच. दुसऱ्या कोणाचा बसाचा नाही इथं."

मी मारोतरावांकडून तांदळाची वाटी मागून घेतली. नाणं उचललं, आणि म्हातारीच्या ओंजळीतलं कवच उलटं करून त्यात ठेवलं. ते न डुगडुगता बसलं. नाकाच्या जागी नाक, काठाच्या जागी काठ. मारोतरावांनी ते तसंच उचलून दारापाशी नेलं. नाणं काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. माग थांबला होता. आतून बायका दाराशी आल्या होत्या.

मग ते बायकोला म्हणाले, "रामाजीभाऊले पाट दे."

माफी म्हणून जे काही होतं ते एवढंच. रामाजी पाटावर बसले, आणि मला दिसलं, की त्यांचा श्वास पाच दिवसांनी पोटापर्यंत गेला.

रंभाबाईंनी मला विचारलं, हा माणूस आहे तरी कोण? मी कारकुनांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. दूरचा राजा, गलबतं, तलम कापड. म्हातारीने ते फार लक्ष देऊन ऐकलं.

"कपड्याचा दाम होय," ती म्हणाली. "मंग बराबर कोष्ट्याच्या घरी आला. पण मास्तर, आमची देवी कुठं गेली? सासू सांगे, देवी बसलेली आहे, हातात काठी आहे."

मी नाणं पालथं केलं आणि तिच्या हातात दिलं. तिचं बोट सपाट चांदीवरून फिरलं, तिला काही लागेना. तेव्हा रामाजी पाटावरून उठून जवळ बसले. त्यांनी तिचं बोट धरलं आणि आपल्या नखाच्या आधाराने हळूहळू फिरवलं. हे डोकं. हा हात. ही काठी. हे आसनाचे पाय. दुसऱ्या खेपेला तिला लागलं. तिचा चेहरा मी नीट पाहून ठेवला आहे, पण मला तो लिहिता यायचा नाही.

"आमच्या कोण्या सासूनं देवीले पालथी निजवली असन," ती म्हणाली आणि हसायला लागली. "आन् आम्ही बसलो त्या मिशा नसलेल्या बादशहाले कुंकू लावत."

मारोतरावही हसले. मी ती संधी साधून अजब बंगल्यातल्या काचेच्या कपाटाचं सांगून पाहिलं. खरं म्हणजे मला ते मनापासून हवं होतं. रंभाबाई म्हणाल्या, त्या कारकुनाला सांगा, राजा पाहायचा असेल तर लग्नाला या, पंगतीला बसा. त्यांना मी निरोप दिला. ते लग्नाला आले नाहीत.

वाटीत तेल आणि शेंदूर कालवला गेला. देवी वर, राजा खाली, असं नाणं तबकात ठेवलं. म्हातारी म्हणाली, पहिला हात तूच लाव, सोनारा. रामाजींनी वाकून पाहिलं. बसलेल्या बाईच्या तोंडावर अजून थोडा काळा मळ होता. त्यांचा हात सवयीने टोपीकडे गेला. तिथे एक काटा खोचलेला होता, चुलीत न गेलेला. त्यांनी तो काढला, बाईच्या तोंडाशी नेला, क्षणभर धरला, आणि परत टोपीत खोचला. मग बोट शेंदरात बुडवलं.

पुनवेला नवराबायको दोघंही कन्हानला गेले आणि कवचाचे तुकडे पाण्यात सोडून आले. त्यानंतर रामाजींनी काम सोडलं नाही, पण रीत बदलली. देव घेताना ते घरच्या माणसासमोर प्रत्येकाचा लाखेवर ठसा घेत आणि तो ठसा त्याच्याच हातात देत. पुष्कळांना ते आवडलं नाही. देवावर अविश्वास दाखवतो, असं म्हणून दोन-तीन घरं दुसऱ्या सोनाराकडे गेली. सराफा ओळीत गंमत होई, की रामाजी देवांचेसुद्धा अंगठे घेतो. ते ऐकून घेत. धकात्यांकडचे देव मात्र पुढच्या दोन्ही लग्नांत त्यांच्याकडेच आले, आणि देवी उजळायची नाही हे सांगायला दर वेळी मारोतराव स्वतः येऊन बसले.

मी घासून काढलेले दोन्ही कागद माझ्या पेटीत आहेत. पेन्सिल पुसट होत चालली आहे.

रामाजी आता शहात्तर वर्षांचे आहेत. उजवा डोळा मोतीबिंदूने गेला, तेव्हा त्यांनी अंगठ्याचं नख कापून टाकलं. रोज सकाळी ते त्याच ओट्यावर बसून दुकानासाठी रिठे फोडतात आणि बिया वेगळ्या काढून ठेवतात.